पाय काढण्याआधी काय बोलावं, आणि नसलेला पाय दुखू लागला तर काय करावं

मराठवाड्यात हात किंवा पाय काढावा लागतो तो साधारण याच कारणांनी: शुगरच्या जखमेतून वर चढलेलं गँगरीन, बिडी-तंबाखूने बंद पडलेल्या रक्तवाहिन्या, मोटारसायकलचे अपघात, आणि सुगीच्या दिवसांत मळणी यंत्रात किंवा कडबा कुट्टीत सापडलेला हात. ऑपरेशन जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये होतं, नाहीतर रुग्ण रेफर होऊन छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईला, नांदेडला किंवा लातूरला जातो. तिथे रक्ताच्या बाटल्या, शुगर, ईसीजी, भूल देण्याआधीची तपासणी, सही हे सगळं वेळेत होतं. मनाची तयारी मात्र बहुतेकदा राहून जाते, आणि ती राहिल्याचं दुखणं रुग्ण पुढे कित्येक महिने सोसतो.

वॉर्डातल्या सिस्टर, समुपदेशक, फिजिओथेरपिस्ट, आशाताई आणि घरी रुग्ण सांभाळणारी माणसं, या सगळ्यांसाठी हे लिहिलं आहे. आमचा भर एका गोष्टीवर आहे. अवयव काढणार आहेत हे रुग्णाला स्वतःला, शुद्धीत असताना, ऑपरेशनच्या आधी कळलं पाहिजे. आणि काढल्यानंतरही तो अवयव जाणवत राहील, कदाचित दुखेलही, हे त्याच बैठकीत त्याच्या कानावर गेलं पाहिजे. ज्याला हे आधी माहीत असतं तो ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी सिस्टरला बोलावून सांगतो, "तुम्ही म्हणला होता तसं व्हायलंय." ज्याला माहीत नसतं तो आपल्याला वेड लागलं, नाहीतर काही बाहेरचं झालं, असं समजून तोंड मिटून बसतो.

दुखतंय म्हणजे नेमकं कुठं

काढलेला अवयव जागेवरच आहे असं वाटणं जवळपास प्रत्येकाला होतं. बोटं हलतात, तळव्याला खाज सुटते, पायात चप्पल असल्यासारखी वाटते. ही फँटम जाणीव. ती त्रास देत नसेल तर तिला औषध लागत नाही. त्याच मोकळ्या जागी आग होते, करंट बसतो, पेटके येतात, बोटं मुरगळून धरल्यासारखी वाटतात, तेव्हा ती फँटम वेदना. शंभरातल्या पन्नास ते ऐंशी जणांना ती कधी ना कधी होते, आणि पुष्कळांना पहिल्या आठवड्यातच सुरू होते. तिसरं दुखणं उरलेल्या भागाचं, ज्याला वॉर्डात स्टंप म्हणतात: टाके, सूज, पू, हाडाचं टोक, किंवा कापलेल्या नसेच्या टोकावर वाढलेली गाठ, म्हणजे न्यूरोमा. न्यूरोमावर बोटाने टिचकी मारली की करंट निघतो.

रुग्ण या तिन्हींना "पाय दुखायलाय" असंच म्हणतो. म्हणून दरवेळी एकच सांगायचं: "मामा, कुठं दुखतंय ते बोट ठेवून दाखवा." बोट स्टंपवर टेकलं तर पट्टी सोडून जखम बघायची. बोट गादीवरच्या रिकाम्या जागेकडे गेलं, की दुखणं फँटमचं. इथे गफलत झाली तर दोन्हीकडून नुकसान होतं. आत पू साचलेला असताना "ते फँटम आहे, जाईल" म्हणून दिवस जातात, किंवा फँटम असताना अँटिबायोटिक बदलत बसतात. दोन्ही दुखणी एकत्रही असू शकतात, तेव्हा आधी जखम निस्तरायची. स्टंपचं दुखणं उतरलं की फँटमही बऱ्याचदा उतरतो.

या त्रासाला फँटम हे नाव दिलं सायलस वेअर मिचेल या अमेरिकी डॉक्टरने, १८७१ साली. यादवी युद्धात हातपाय गमावलेले सैनिक त्याने तपासले होते. आज त्यामागचं कारण बरंच उलगडलं आहे. कापलेल्या नसेचं टोक विनाकारण संदेश पाठवत राहतं, पाठीच्या कण्यातली नसांची केंद्रं हळवी होतात, आणि मेंदूत त्या पायासाठी राखलेली जागा पाय गेला तरी तशीच राहते. मेंदू "हल" म्हणतो, पण हलल्याची खबर परत येत नाही. रुग्णाला हे सांगताना एवढं पुरतं: "विहिरीवरची मोटार काढून नेली तरी स्टार्टरपर्यंतच्या वायरीत करंट असतोच ना? तशी तुमच्या पायाची वायर अजून चालू आहे. वेड लागलेलं नाही." ज्याच्या शेतात पंप आहे त्याला यापुढे काही समजावावं लागत नाही.

आणि वेदना खरी आहे. "पाय नाही तर दुखतो कसा?" हा प्रश्न चेष्टेतसुद्धा विचारू नये. एकदा तो ऐकला की रुग्ण पुन्हा दुखणं सांगत नाही.

बैठकीला कोण बसणार

खेड्यातून रुग्णासोबत दहा-बारा माणसं येतात. त्यातला एखादा जाणता माणूस डॉक्टरांना दाराबाहेर गाठून म्हणतो, "साहेब, आबाला सांगू नका, हाय खातील." यामागे माया असते हे मान्य. पण आबा भुलीतून उठतात, चादरीखाली हात घालतात आणि पाय नाही हे त्यांना एकट्याला कळतं. त्या घटकेपासून त्यांचा घरच्यांवरचा आणि वॉर्डावरचा विश्वास उडतो. पुढे पट्टी बदलू देत नाहीत, व्यायामाला उठत नाहीत. शिवाय सज्ञान आणि शुद्धीत असलेल्या माणसाच्या अवयवाची संमती त्याची स्वतःचीच लागते, मुलाची सही तिथे चालत नाही.

घरच्यांना असं सांगावं: "सांगायचं की नाही हे आपल्या हातात नाही, कसं सांगायचं ते आहे. तुम्ही जवळ बसा, आम्ही बोलतो." बहुतेक घरं याला तयार होतात.

बैठकीत तीनच माणसं हवीत: रुग्ण, घरी प्रत्यक्ष सेवा करणारी व्यक्ती (बहुतेकदा बायको, सून किंवा लेक) आणि घरातला निर्णय घेणारा. सेवा करणाऱ्या बाईला बाहेर बसवून पुरुषांशीच बोलण्याची चूक फार होते, आणि नंतर रात्री दोन वाजता पाय दुखला की समोर तीच असते. राउंडच्या गर्दीत, उभ्या उभ्या हे सांगू नये. खुर्ची घेऊन, रुग्णाच्या डोळ्याला डोळा येईल असं बसावं. अर्धा ते पाऊण तास राखून ठेवावा आणि शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा वीस मिनिटं बसावं. पहिल्या दिवशी माणसाला "पाय जाणार" एवढंच ऐकू आलेलं असतं.

काय सांगायचं, कुठल्या क्रमाने

सुरुवात विचारण्याने करा: "तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय?" त्याला किती माहीत आहे त्यावरून पुढचं ठरतं. मग कारण सांगा, साध्या शब्दांत: रक्त पोचत नाही, सड वर चढते आहे, थांबलो तर जिवाला धोका. त्यानंतर कुठून काढणार ते हाताने दाखवा. "एवढासा पाय काढणार" असं मोघम बोलून गुडघ्याच्या वरून काढला तर ती फसवणूक ठरते. गुडघा वाचला तर कृत्रिम पायाने चालायला पुष्कळ कमी ताकद लागते, म्हणून तो वाचवण्याचा प्रयत्न असतो. पण रक्तपुरवठा नसलेल्या जागी कापलं तर जखम भरत नाही आणि पुन्हा वरून कापावं लागतं, हेही सांगावं. टेबलावर गेल्यावर कापायची पातळी बदलू शकत असेल तर तेही आत्ताच सांगावं.

यानंतर फँटम. इथे घाई करू नये. साधारण हे शब्द चालतात: "ऑपरेशननंतर तुम्हाला पाय आहे असंच वाटेल. बोटं हलतील, खाजवावंसं वाटेल. हे सगळ्यांना होतं. काहींना त्या जागी दुखतंही. ते खरं दुखणं असतं, त्याला औषध आहे, व्यायाम आहे, बहुतेकांचं ते हळूहळू कमी होत जातं. झालं की लाजू नका, लगेच सिस्टरला सांगा." मग थांबा. गप्प राहून रडू द्या. पाण्याचा ग्लास पुढे करून विषय बदलू नका.

रडणं ओसरल्यावर जे प्रश्न येतात तेच त्या माणसाचे खरे प्रश्न असतात. शेत कोण बघणार? ऊसतोडीची उचल घेतली आहे, ती कशी फेडायची? पोरीचं लग्न ठरलंय, पाव्हणे काय म्हणतील? मांडी घालून जेवायला बसता येईल का, संडासला कसं बसू, पंढरीची वारी होईल का? ज्याचं उत्तर माहीत आहे ते सरळ द्या. गुडघ्याखालून पाय गेला आणि कृत्रिम पाय नीट बसला तर चालणं, सायकल, शेतातली बरीच कामं जमतात. जयपूर फूट बनलाच मुळी आपल्याकडच्या माणसासाठी, उकिडवं बसणारा आणि अनवाणी शेतात जाणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून. गुडघ्याच्या वरून गेला तर खाली बसणं अवघड होतं, संडासला कमोड किंवा कमोडची खुर्ची लागते. म्हणून घरच्यांनी डिस्चार्जच्या आधीच ती सोय बघावी. "सगळं पहिल्यासारखं होईल" हे वाक्य कुणीही उच्चारू नये.

ज्याचा पाय आधीच गेला आहे आणि जो आज चालतोय, असा माणूस भेटवता आला तर त्यासारखं दुसरं काही नाही. निवड मात्र जपून करावी. पातळी सारखी असावी (गुडघ्याखालच्या रुग्णाला गुडघ्याखालचाच), वय आणि काम जवळपासचं असावं, आणि स्वतःच्या दुःखातून तो बऱ्यापैकी बाहेर आलेला असावा. वीस मिनिटं पुरतात. घरच्यांना त्या वेळी बाहेर पाठवावं. पुरुष पुरुषाला, बाई बाईला अशा गोष्टी विचारते ज्या डॉक्टरला विचारल्या जात नाहीत.

वेळच नसेल तर

कुट्टीत गेलेला हात घेऊन रुग्ण रात्री १०८ मधून येतो तेव्हा अर्ध्या तासाची बैठक कुठली. पण दोन मिनिटं मिळतात, ट्रॉली थिएटरकडे ढकलताना का होईना. रुग्ण शुद्धीत असेल तर तीन वाक्यं त्याच्या कानाशी बोलावीत: हात वाचवता येत नाही, म्हणून काढावा लागतोय. उठल्यावर हात आहे असं वाटेल, दुखेलही, ते होतं, आम्ही बघतो. तुमचा माणूस बाहेर आहे, उठाल तेव्हा तो जवळ असेल. आणि शेवटचं वाक्य खरं करावं. भुलीतून उठताना ओळखीचा चेहरा समोर हवा, आणि हात नाही हे त्याला कुणीतरी शब्दांत सांगायला हवं.

अपघाताच्या रुग्णाला पुढे दोन-चार आठवड्यांत मशीनचा आवाज झाला की दचकणं, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येणं, झोपेत ओरडणं असं होऊ शकतं. महिन्यानंतरही ते चालू असेल तर मानसोपचार तज्ज्ञांना दाखवावं.

आधीचं दुखणं, आणि अंगावरचे दागिने

ऑपरेशनआधी जितकं जास्त आणि जितके जास्त दिवस पाय दुखतो, तितकी नंतर फँटम वेदनेची शक्यता वाढते. म्हणून "उद्या काढायचाच आहे, आता गोळी कशाला" हा विचार सोडावा. शून्य ते दहा आकड्यांत वेदना किती, हे दिवसातून तीनदा विचारून केसपेपरवर लिहावं आणि भूलतज्ज्ञांना दाखवावं. पाठीतून एपिड्युरल (कण्याजवळ बारीक नळी) किंवा नसेजवळ कॅथेटर, म्हणजे तशीच नळी, घालून सतत औषध देण्याची सोय असेल तर ती आधीच मागावी. त्याने फँटम टळेलच अशी हमी नाही, पण पहिले दिवस सुसह्य होतात आणि माणूस व्यायामाला लवकर उठतो. घाबरट स्वभाव, आधीचं नैराश्य, "हे कधीच थांबणार नाही" असं सारखं मनात घोळवणं, यांनीही पुढे वेदना जड जाते. असा रुग्ण असेल तर समुपदेशक ऑपरेशनच्या आधीच बोलवावा.

थिएटरला नेताना जोडवी, पैंजण, बांगड्या काढल्या जातात. पाय कायमचा जाणार असलेल्या बाईच्या दृष्टीने ती जोडवी काढणं हे वेगळंच दुःख असतं. वॉर्डबॉयने घाईत ओढून काढू नयेत. तिने स्वतः, किंवा तिच्या माणसाने काढावीत, कापडात बांधून तिच्याच हातात द्यावीत. उरलेल्या पायात पुढे घालायची की नाही हे तिने ठरवायचं, त्यावर सासू-जावांनी बोलू नये.

काढलेल्या अवयवाचं काय करणार, हा प्रश्न घरच्यांच्या मनात असतो पण कुणी विचारत नाही. आपणच विचारावं. नियमाप्रमाणे तो जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतून जाऊन जाळला जातो. काही कुटुंबांना तो स्वतः पुरायचा किंवा दहन करायचा असतो. तसं असेल तर ऑपरेशनच्या आधी रुग्णालयाकडे लेखी विचारणा करावी, नंतर उशीर होतो. पाय वाकडा पुरला म्हणून दुखतो, त्याला मुंग्या लागल्या म्हणून आग होते, अशा समजुती जगभर आहेत आणि आपल्याकडेही आहेत. त्यावर हसू नये. एवढंच सांगावं की दुखणं नसेतून आणि मेंदूतून येतं, काढलेल्या पायाचं कुठे काय झालं याचा त्याच्याशी संबंध नाही.

पहिली पट्टी आणि पहिली रात्र

स्टंप पहिल्यांदा बघणं हा मोठा क्षण असतो. रुग्णाला विचारावं: आज बघायचं, की पुढच्या पट्टीला? बघायचं नसेल तर मान वळवू द्यावी. पायऱ्या अशा ठेवता येतात: आधी चादरीवरून हात ठेवणं, मग पट्टीवरून, मग पट्टी बदलताना बाजूने एक नजर, मग पूर्ण बघणं, शेवटी स्वतःच्या हाताने धुणं. सेवा करणाऱ्या व्यक्तीने आधी एकदा बघून घ्यावं, म्हणजे रुग्णासमोर तिचा चेहरा पडत नाही. रुग्ण स्टंपकडे बघण्याआधी बायकोच्या तोंडाकडे बघतो.

आणि पडणं. झोपेतून उठलेला माणूस पाय आहे असं समजून खाली टाकतो आणि कोसळतो. नुकतेच घातलेले टाके उकलतात, हाड लागतं, काही वेळा पुन्हा थिएटरला न्यावं लागतं. पाय गेलेल्या बाजूला खाटेलगत रात्री खुर्ची आडवी लावावी, म्हणजे उतरताना ती हाताला लागून आठवण होते. वॉकर चांगल्या पायाच्या बाजूला, हाताच्या अंतरावर ठेवावा. मंद दिवा चालू असावा, लघवीचं भांडं खाटेवरच द्यावं. घरी गेल्यावरही निदान पहिले दोन महिने हे चालू ठेवावं, कारण जाणीव जितकी स्पष्ट तितका विसर सोपा.

स्टंपखाली उशी देऊ नये. बरं वाटतं म्हणून घरचे हमखास देतात, आणि गुडघा किंवा मांडी वाकलेल्या अवस्थेत आखडली की कृत्रिम पाय बसत नाही. दिवसातून दोन-तीनदा वीस-तीस मिनिटं पालथं झोपावं. क्रेप बँडेज गुडघ्याखालच्या स्टंपला चार इंची, वरच्याला सहा इंची वापरावं. इंग्रजी आठच्या आकड्यासारखे तिरपे वेढे घ्यावेत, टोकाला घट्ट आणि वर सैल. सरळ गोल वेढ्याने रक्त अडतं. चार ते सहा तासांनी सोडून पुन्हा बांधावं. कातडी निळी-काळी पडली किंवा ठणका लागला तर लगेच सोडावं. रक्तपुरवठा कमी असलेल्या रुग्णाला बांधायचं की नाही हे सर्जनला विचारूनच.

झटका आला की

फँटम वेदना सहसा झटक्याने येते, काही सेकंद ते काही तास राहते. थंडी, ढगाळ हवा, जागरण, भांडण, काही जणांना लघवी-संडासच्या वेळचा जोर, अशा गोष्टींनी ती उठते. एका वहीत तारीख, वेळ, आकडा आणि त्याआधी काय घडलं हे पंधरा दिवस लिहिलं तर आपापली कारणं सापडतात आणि डॉक्टरांनाही औषधाची वेळ ठरवता येते. वही लिहिता येत नसेल तर नातवाने लिहावी.

झटक्यात आधी श्वास: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. मग जखम भरली असेल तर स्टंपवर तळहाताने दाब देऊन चोळणं, बोटांनी हलकं थोपटणं, मऊ कापडापासून खरखरीत टॉवेलपर्यंत एकेक कापड फिरवणं. स्टंपवरच्या स्पर्शाची जाणीव पोचली की फँटम मागे सरतो. बँडेज सैल झालेलं असेल तर नीट बांधल्यावरही आराम पडतो. त्यानंतर नसलेला पाय "हलवणं": बोटं मुरगळली आहेत असं वाटत असेल तर चांगल्या पायाचीही बोटं तशीच मुरगळायची आणि दोन्हीकडची हळूहळू, एकत्र उघडायची. हे बसल्या जागी, आरशाशिवायही जमतं.

आरशाचा व्यायाम

ही कल्पना व्ही. एस. रामचंद्रन या भारतीय वंशाच्या मेंदूशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात मांडली. चांगल्या पायाचं प्रतिबिंब गेलेल्या पायाच्या जागी दिसतं, मेंदूला हललेला पाय दिसतो आणि थांबलेली खबर परत आल्यासारखी होते. पाय गमावलेल्या अमेरिकी सैनिकांवरच्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज पंधरा मिनिटं, चार आठवडे आरसा वापरणाऱ्या गटातल्या सगळ्यांचं दुखणं कमी झालं. झाकलेल्या आरशापुढे तोच व्यायाम करणाऱ्यांचं तसं झालं नाही. चाचणी लहान होती आणि नंतरच्या अभ्यासांत सगळ्यांनाच गुण येत नाही असंही दिसलं. पण खर्च आरशापुरता आणि धोका थोडा, म्हणून करून बघावाच.

पायासाठी चार फूट लांब, दीड फूट रुंद आरसा लागतो. हातासाठी दीड फूट बाय एक फूट पुरतो. ॲक्रिलिकचा मिळाला तर उत्तम. काचेचा असेल तर मागून प्लायवूड लावून चारही कडांना जाड टेप मारावी. चिरलेला, लहरी प्रतिबिंब दाखवणारा आरसा घेऊ नये, वेडावाकडा पाय दिसला की उलट त्रास होतो.

खाटेवर पाठ टेकून, पाय लांब करून बसावं. आरसा दोन्ही पायांच्या मधे उभा, चकचकीत बाजू चांगल्या पायाकडे. स्टंप आरशामागे पूर्ण झाकला गेला पाहिजे. चांगल्या पायातली जोडवी, पैंजण, काळा दोरा, हातातलं कडं, घड्याळ काढावं, गोंदण असेल तर त्यावर कापड किंवा पट्टी चिकटवावी. गेलेल्या पायावर जे नव्हतं ते प्रतिबिंबात दिसलं तर मेंदू फसत नाही, आणि सगळा व्यायाम वाया जातो.

पहिल्या दिवशी फक्त दोन-तीन मिनिटं बघावं, काही हलवू नये. पुढच्या दिवसापासून पाऊल वर-खाली, बोटं फाकवणं-मिटवणं, पाऊल आत-बाहेर, प्रत्येक हालचाल दहा वेळा, अगदी सावकाश. त्याच वेळी आरशामागचा पायही तसाच हलतोय असं मनाने करावं. नसलेला पाय हलत नाही असं वाटलं तर जोर करू नये, काही दिवस नुसतं बघत राहावं. वाकड्या अवस्थेत अडकल्यासारखा वाटत असेल तर चांगला पाय आधी तितकाच वाकवून प्रतिबिंब त्याच्याशी जुळवावं, मग दोन्ही सोबत सरळ करावेत. हळूहळू पंधरा मिनिटांवर यावं, रोज एकदा. घरात येणंजाणं कमी असेल ती वेळ निवडावी आणि मोबाइल, टीव्ही बंद ठेवावा.

चक्कर, मळमळ, घाम, किंवा दुखणं वाढणं झालं तर त्या दिवशी थांबावं आणि दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांपासून सुरू करावं. काहींना गेलेला पाय "परत" दिसून एकदम रडू कोसळतं. म्हणून पहिल्या दोन-तीन वेळा शेजारी कुणीतरी बसलेलं असावं. चार आठवडे नेमाने करूनही काहीच फरक नसेल तर फिजिओथेरपिस्टला विचारून चित्रातला पाय उजवा की डावा हे ओळखण्याचे आणि मनातल्या हालचालींचे व्यायाम आधी करावेत, मग पुन्हा आरशाकडे यावं. दोन्ही पाय गेलेल्याला आरसा लागू पडत नाही. त्याने समोर बसलेल्या माणसाचे पाय हलताना बघून मनाने तसंच करून पाहावं. ऑपरेशनला चार दिवस अवधी असेल तर हा व्यायाम आधीच शिकवून ठेवावा. दुखत नसताना माणूस नीट शिकतो.

औषधांबद्दल थोडंसं

नेहमीची वेदनाशामक गोळी फँटमवर फारशी चालत नाही. डॉक्टर गॅबापेंटिन, प्रीगाबालिन किंवा ॲमिट्रिप्टिलिनसारखी नसांवरची औषधं देतात. ती लहान मात्रेपासून वाढवतात, गुण यायला काही दिवस ते आठवडे लागतात. "दोन दिवस घेतलं, फरक नाही" म्हणून सोडणारे फार आहेत. यांनी गुंगी येते, म्हणून रात्री उठताना पडण्याची भीती वाढते. शुगरच्या रुग्णाची किडनी अधू असेल तर मात्रा बदलावी लागते. वयस्क माणसाला हृदयाचा किंवा लघवी अडण्याचा त्रास असेल तर ॲमिट्रिप्टिलिन देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी सांगावं. ही औषधं एकदम बंद करायची नाहीत, आणि शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याची चिठ्ठी वापरायची नाही.

मन खचलं आहे का, हे ओळखणं

पाय गेल्यावर रडणं, चिडणं, गप्प होणं हे दुःख आहे, आजार नव्हे. पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप-भूक गेली, कशातच मन नाही, पट्टी आणि इन्सुलिन नाकारतोय, "मी घरावर ओझं झालो" हे सारखं तोंडात, दारू वाढली, तर थांबू नये. कर्त्या पुरुषाच्या तोंडी "आता बसून खाणारा झालो" हे वाक्य आलं की विशेष लक्ष द्यावं. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारावं: "आबा, जीव नकोसा वाटतो का? काही करून घ्यावं असं मनात येतं का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर एकटं सोडू नये. फवारणीची औषधं, तणनाशक घरातून हलवून दुसऱ्याच्या ताब्यात कुलपात ठेवावं, आणि त्याच दिवशी मानसोपचार विभागात न्यावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

सेवा करणाऱ्या बाईची झोप होते का, हेही त्याच भेटीत विचारावं. आठवड्यातल्या दोन रात्री तरी दुसऱ्या कुणीतरी उशाशी बसावं, हे घरातल्या पुरुषांसमोर ठरवून घ्यावं.

पुढच्या तपासणीला

टाके साधारण दोन-तीन आठवड्यांनी निघतात, शुगर असेल तर उशिरा. जखम पूर्ण भरून सूज उतरल्यावर कृत्रिम पायाचं माप घेतात. तोवर सिव्हिलमधून अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डाचा (अपंगांच्या देशभर चालणाऱ्या ओळखपत्राचा) अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करून ठेवावा. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व नोंदलं गेलं की कृत्रिम अवयव आणि सवलतींचे मार्ग उघडतात. शुगरच्या रुग्णाचा उरलेला पाय रोज रात्री उजेडात तपासावा, बोटांच्या बेचक्यांसकट, तळव्याला आरसा लावून.

महिनोन् महिने शांत असलेला फँटम अचानक उसळला तर नुसतं औषध वाढवून घेऊ नये. आधी स्टंप उघडून बघावा: लालसरपणा, गरमपणा, पाणी, टिचकीला करंट देणारी गाठ. मग कृत्रिम पायाचा सॉकेट, म्हणजे स्टंप बसतो ती खोबण, सैल किंवा घट्ट झाला आहे का ते पाहावं, वजन चार किलोने बदललं तरी तो टोचू शकतो. त्यानंतर शुगर, आणि कंबरेतून नस दबते आहे का. यातलं काही सापडलं तर आधी त्याचा उपाय करावा. तपासायला जाताना दुखण्याची वही, चालू गोळ्यांची पाकिटं आणि कृत्रिम पाय तिन्ही सोबत न्यावं.